चुन्याच्या दोन रेघा

बाबूजी, तुम्ही पन्नाशी गाठायच्या आत गेलात आणि मी ऐंशी ओलांडली, म्हणजे आता वयानं मीच तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तरी कागदावर 'बाबूजी' लिहिलं की पाठ आपोआप ताठ होते. चूल पेटते न पेटते तोच तुम्ही मला भाषांतराला बसवत होता, तेव्हा वाकून बसले की छत्रीचं टोक पाठीला लागायचं, ते अजून लागतं. सकाळपासून माझं कशात मन नाही. दूध उतू गेलं. भाजी चिरायला घेतली आणि अर्धवट टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नाही, गोंदियाच्या या गल्लीत दुपारी कुत्रीसुद्धा फिरत नाहीत. परत आले, बसले, परत उठले. कारण अगदी फुटकळ आहे. तुमच्या पणतीनं फोन केला. तिला नोकरीच्या अर्जात लिहायचं होतं की कॉलेजात तिनं एक शिबिर घेतलं. तिनं विचारलं, "आजी, मी शिबिर अरेंज केलं म्हणू की ऑर्गनाइज केलं? फरक काय गं दोन्हींत?" मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई, लगेच उत्तर दिलं. वस्तू अरेंज करतात, माणसं ऑर्गनाइज करतात. ती थँक्यू म्हणाली, फोन ठेवला, आणि मी तशीच फोन हातात धरून उभी. ते उत्तर माझं नव्हतं. ते तुमचं होतं, आणि तुम्ही ते मला ज्या सकाळी दिलंत त्यानंतर काही महिन्यांतच ते तोंडावर पडलं होतं.

ती सकाळ मला स्वच्छ दिसते. मी मॅट्रिकला बाहेरून बसणार होते. आपल्या गावातून आमगावच्या हायस्कुलात रोज जाणं मुलीच्या जातीला त्या काळात जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्ही घरीच शाळा उघडलीत. माय चुलीपाशी तांदूळ निवडते आहे, ओल्या लाकडाचा धूर सगळ्या घरात भरला आहे, आणि तुम्ही मला वाक्य घालता: त्याने गावकऱ्यांना एकत्र आणून शाळा बांधली. मी 'अरेंज्ड' लिहिते. तुम्ही पाटी माझ्या हातातून घेता आणि म्हणता, "माणसं काय फळीवरची भांडी आहेत? भांडी अरेंज होतात. माणसं ऑर्गनाइज करावी लागतात. एवढं साधं कळत नसेल तर मॅट्रिक विसर." मला रडू आलं होतं. मायनं सुपातून मान वर न काढता सांगितलं की ह्या घरात भांडीसुद्धा तुमच्याच मनानं लागतात, बाईच्या जातीला आपल्या फळीवरचा तांब्या कुठं ठेवावा याचीही परवानगी नाही. ते खरंच होतं. तुमच्याइतका टापटिपीचा माणूस मी पाहिला नाही. चपला एका रेषेत, धोतराच्या घड्या एका मापाच्या, वर्गातली पोरं उंचीप्रमाणे. माय म्हणायची, यांना देवानं मास्तर केलं म्हणून बरं, नाहीतर यांनी आभाळातल्या चांदण्याही ओळीत लावल्या असत्या. तुम्ही हसायचात. तुम्हाला ते कौतुक वाटायचं.

मालगुजाराची जमीनदारी जाऊन तेव्हा दोनतीन उन्हाळे झाले होते. आपला तलाव मालगुजाराच्या पणजोबानं बांधलेला, त्याच्या पाण्यावर गावाच्या दोन्ही वस्त्यांच्या, वरच्या टोल्याच्या आणि खालच्या टोल्याच्या, धानाच्या बांध्या पिकत. मालगुजार होता तोवर उन्हाळ्यात त्याचा माणूस हाळी देत फिरे आणि सगळ्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला जावं लागे, मनात असो नसो. तो जुलूम होता, त्याबद्दल दुमत नाही. पण जुलूम गेला आणि हाळी पण गेली. तलाव सरकारचा झाला, आणि सरकार भंडाऱ्याला. पाळीवरून गुरं जाऊन जाऊन घळी पडल्या, उंदरांनी पोखरलं, झुडपं माजली. प्रत्येकजण येताजाता बघायचा आणि कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे म्हणायचा. शेवटी चार जाणती माणसं तुमच्याकडे आली. गावात इंग्रजी येणारे तुम्ही एकटे, तेव्हा लोकांना वाटायचं की इंग्रजी येतं त्याला सगळंच येतं. तुम्हालाही तसं थोडं वाटायचं, आता सांगायला हरकत नाही.

शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. मी आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवून ऐकत होते. काम करायला कुणाची ना नव्हती. अडलं ते भलतीकडंच. पाळीवर माती टाकायची म्हणजे रांग करावी लागते, एकानं खणायचं, टोपली पुढच्याच्या हातात, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याच्या. आणि खालच्या टोल्यातल्या माणसांच्या हातून वरच्या टोल्यातलं कुणी काही घेत नव्हतं. पाणी नाही, भाकर नाही, विडीचा विस्तवसुद्धा नाही. मालगुजाराच्या वेळी काय व्हायचं, तर खालच्या टोल्याला वेगळ्या दिवशी बोलवायचे, आणि सांडव्याजवळचा सगळ्यात अवघड भाग त्यांच्या गळ्यात मारायचे. आता ते म्हणाले, आम्ही येऊ, पण त्याच दिवशी येऊ आणि सांडव्याचा तुकडा एकट्यानं करणार नाही. वरच्या टोल्यातला एक म्हातारा पाटील, ज्याच्या शब्दाला तेव्हा वजन होतं, तो म्हणाला की तलाव फुटला तरी चालेल पण मी रांगेत उभा राहणार नाही. बैठक मोडायला आली होती. तेव्हा तुम्ही तुमचा तोडगा काढलात.

तुमचा तोडगा फार सुरेख होता, बाबूजी. सगळी पाळ तुम्ही घरागणिक वाटली. ज्याचा त्याचा तुकडा. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यासमोरची माती खणायची, आपणच वाहायची, आपणच टाकायची, आपणच धुम्मस करून घट्ट ठोकायची. रांग नाही, हातातून हातात काही नाही. सांडव्याचा अवघड भाग दोन्ही टोल्यांत सारखा वाटून दिलात, त्यात तुम्ही कुणाची भीड ठेवली नाही. कुणालाच नाही म्हणायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाळीवरून चाललात, छत्रीच्या टोकानं जागा दाखवत, आणि मी मागून चुन्याचा डबा घेऊन रेघा मारत. प्रत्येक दोन घरांमध्ये एक रेघ. आणि जिथं वरचा टोला संपत होता नि खालचा सुरू होत होता, तिथं तुम्ही थांबलात, जरा विचार केलात, आणि दोन रेघा मारायला सांगितल्यात. दोन्ही रेघांच्या मध्ये हात पसरून माणूस उभा राहील एवढी जागा. म्हणजे काम करताना इकडच्याचा धक्का तिकडच्याला नको.

गावची सुईण तिथंच होती. खालच्या टोल्यातली, मायपेक्षा वयानं बरीच मोठी. मी जन्मले तेव्हा मला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनं. बाराव्या दिवशी मायनं तिला लुगडं दिलं आणि ती गेल्यावर घर सारवून घेतलं, हे दोन्ही मी मायच्याच तोंडून ऐकलेलं. ती आपला तुकडा बघायला आली होती. दोन रेघांकडे तिनं पाहिलं आणि तुम्हाला विचारलं, "गुरुजी, हे मधातली जागा कोनाची?"

तुम्ही म्हणालात, कुणाची नाही. दोन्हीकडची माती पावसात आपोआप मिळून येईल.

ती आपल्या तुकड्याकडे निघून गेली. मला तर तुमचं उत्तर इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते मायला सांगितलं. तुम्ही त्या दिवशी जेवताना एकदोनदा स्वतःशीच हसलात. इतकी वर्षं तंटा होऊन बसलेली गोष्ट तुम्ही डबाभर चुन्यानं सोडवली होती. काम झालंही अगदी मनापासून. आपापला तुकडा म्हटल्यावर माणसं ईर्ष्येनं राबली, शेजाऱ्यापेक्षा आपला उंच दिसावा म्हणून कुणी जास्त माती टाकली, कुणी वर गवताचे ठोंब लावले. तो म्हातारा पाटीलसुद्धा मांडी घालून धुम्मस करणाऱ्या पोरांवर नजर ठेवून बसला होता. मधली जागा दिसत सगळ्यांना होती. वरच्या टोल्याला वाटलं खालचे भरतील, खालच्या टोल्याला वाटलं तिकडं पाऊल टाकलं की बोलणी बसतील. झाडावरून पाहिलं असतं तर नव्या लाल मातीत तेवढाच जुना काळा पट्टा दिसला असता.

तलाव त्या वर्षी काठोकाठ भरला. भादव्यात सलग काही दिवस झड लागली आणि एका दुपारी, धान अजून निसवायचं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या, कुणीतरी शाळेत ओरडत आलं की पाळीतून पाणी चाललं. तुम्ही वर्ग सोडून धावलात. मी आणि माय घरून धावलो. पाणी कुठून चाललं होतं ते मी तुम्हाला काय सांगू? दोन रेघांच्या मधून. चुना केव्हाच धुऊन गेला होता पण जागा तीच. आधी बोटभर धार, मग मनगटाएवढी, आणि कडेची माती ढेकळाढेकळानं सुटते आहे. सगळं गाव तिथं होतं. बाबूजी, मी ते दृश्य विसरू शकत नाही: अर्धे लोक इकडे उभे, अर्धे तिकडे, मध्ये पाणी, आणि माणसं भांडत होती. वरचा टोला म्हणत होता आमचा तुकडा जागच्या जागी आहे, जाऊन बघा. खालचा टोला म्हणत होता आमचाही आहे. दोघंही खरं बोलत होते. एकाच्याही तुकड्यातलं ढेकूळ हललं नव्हतं. आणि तुम्ही गळकी छत्री उघडी धरून मोठ्यानं सांगत होतात की अमुक घरानं इकडं यावं, तमुक घरानं तिकडं. झडीच्या आवाजात कुणालाच ते ऐकू जात नव्हतं. पाणी एकदा मोकळं झालं असतं तर आश्विनात दोन्ही टोल्यांच्या बांध्या कोरड्या पडल्या असत्या, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला तर एक लोंबीही धरली नसती. वर्षाचं अन्न त्या एका खिंडारातून चाललं होतं.

सुईण खाली उतरली. कमरेएवढ्या पाण्यात, पाळीच्या पायथ्याशी, जिथून माती घेता येईल तिथं. तिच्या मुलानं टोपली भरून तिला दिली आणि ती वर बघू लागली. वर, काठाला, माय उभी होती. दुसरं कुणी त्या जागी असतं तर दुसऱ्याला म्हणाली असती, माय होती म्हणून मायला म्हणाली. टोपली दोन्ही हातांनी उचलून तिनं पुढे केली.

"घे व बाई. मातीच होय, भात नोहोय."

मायनं घेतली. मी बघत होते, तिनं विचारबिचार काही केला नाही, पडणारं मूल झेलावं तशी घेतली, आणि मागे वळून मला दिली. मी पुढच्याला दिली. तो वरच्या टोल्यातला होता, नाव नको, त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मी ओरडले, त्यानं घेतली. मग रांग कशी झाली ते मला ठाऊक नाही. कुणी सांगितली नाही, कुणी लावली नाही. खालून टोपल्या येत होत्या, वर माती पडत होती, कुणाचा हात कुणाच्या हाताला लागतो आहे हे बघायला वेळ नव्हता. दाराच्या फळ्या आल्या, गवताचे भारे आले. दिवस मावळायच्या आत खिंडार बुजलं. पाणी बरंच गेलं, पण धान निसवण्यापुरतं राहिलं. रांगेत मी एकदाच मान वर करून तुम्हाला शोधलं. तुम्ही पाळीवर होतात, छत्री मिटलेली, आणि रांगेत कुठं शिरावं ते तुम्हाला कळत नव्हतं. एकदा तुम्ही दोघांच्या मध्ये जायला पुढे झालात, पण टोपली तुमच्या अंगावरून पुढे गेली. सगळ्यांना तुम्ही जागा दिली होती, तुमचा स्वतःचा तुकडा कुठं नव्हता. मला तुमची इतकी दया आली की मी परत वर बघितलं नाही.

आणि मग घर. तुम्ही आमच्या आधी घरी पोचलात आणि मागच्या अंगणात चुलखंडावर पाणी तापत ठेवलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पाणी तापवलं. आम्ही आलो तशी तुम्ही दारातच म्हणालात, आधी आंघोळ करून मग घरात या. तुमचा स्वर कठोर नव्हता. काळजीचाच होता, आम्ही चिखलानं माखलो होतो, गारठलो होतो. पण आंघोळ कशासाठी ते तुम्हाला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि समोर ओटीवर पाटील बसला होता त्यालाही माहीत होतं. माय तशीच आत गेली. चिखलाच्या पायांनी सारवलेल्या स्वयंपाकघरात गेली, हात धुतले, नुसते हात, आणि भात चढवला. तुम्ही दारात उभे. ती म्हणाली, "पोरगी उपाशी हाये. पानी तापवून राहिले त चांगलं केलं, त्याच पान्याचा चहा टाकतो." मी बोलले. सोळा वर्षांची होते, जीभ तिखट होती, मी विचारलं की बाबूजी, आज जे झालं त्याला काय म्हणायचं, अरेंज की ऑर्गनाइज? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं छत्री उचलाल. मग तुम्ही खाली बसलात आणि ताटात वाढलेला भात जेवलात. त्या हातचा भात तुम्ही जेवलात हे मी लक्षात ठेवलं आहे. तुमच्या हिशोबात ते धरलंच पाहिजे.

मला वाटलं आता सगळं बदललं. सोळाव्या वर्षी तसं वाटतंच. पुढच्या उन्हाळ्यात तीच चार जाणती माणसं आली आणि म्हणाली, गुरुजी, रेघा मारून द्या. भादव्यातली रांग ही आपत्काळातली गोष्ट होती, तिचा उल्लेखसुद्धा कुणाला नको होता, जणू सगळ्या गावानं एका दिवसापुरती दारू प्यायली होती. मी आतल्या खोलीत दात खात होते. आणि तुम्ही म्हणालात, रेघा मारणार नाही. रांग होईल. वरच्या टोल्याची एक, खालच्या टोल्याची एक, आणि दोन्ही जिथं मिळतील तिथं मी उभा राहीन. एकाकडून घेईन, दुसऱ्याला देईन. मग तर कुणाची हरकत नाही? पाटील जमिनीकडे बघत नाही म्हणाला. म्हणजे, हरकत नाही म्हणाला.

तुम्ही तसे उभे राहिलात, दर उन्हाळ्यात, तुम्ही होतात तोवर. सदरा काढून, डोक्याला पंचा बांधून, वैशाखातल्या उन्हात. हात सोलपटून निघायचे, माय खोबरेल लावून द्यायची आणि बडबडायची. गाव तुम्हाला मानू लागलं. दुसऱ्या गावांतून लोक बघायला यायचे की मास्तर मधात उभा राहतो आणि दोन्ही टोले एका पाळीवर राबतात. मी मॅट्रिक झाले, गोंदियाच्या मुलींच्या शाळेत लागले, मुर्रीच्या बाजूला एक खोली घेतली. निघताना तुम्ही मला तुमची छत्री दिलीत. मी म्हटलं तुम्हाला पाळीवर लागेल. तुम्ही म्हणालात, दोन्ही हात मोकळे लागतात आता. मला त्या वेळी तुमचा फार अभिमान वाटला. मी शाळेत पोरींना तुमची गोष्ट सांगायची आणि फळ्यावर दोन शब्द लिहून म्हणायची, हा फरक. वस्तू अरेंज करतात, माणसं ऑर्गनाइज करतात, त्यासाठी कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं.

ही झाली तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट. मला सकाळपासून जे बसू देत नाही ते पुढचं आहे. तुम्ही माघात तापानं गेलात, आणि पुढच्या वैशाखात पाळीचं काम निघालं. मी सुट्टीत घरी होते. माय म्हणाली, मी उभी राहतो यांच्या जागेवर. पदर खोचून गेली आणि नेमकी तिथं जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे छत्री धरून. वरची रांग आली, खालची रांग आली. खालच्या रांगेचं टोक म्हणजे सुईण, आता थकलेली, केस पांढरे. वरच्या रांगेचं टोक म्हणजे पाटलाचा मोठा मुलगा. सुईणीनं टोपली उचलली, मायकडे पाहिलं, आणि टोपली तशीच हातात धरून म्हणाली, "सरक व बाई. मधात कोनी नोको आता."

माय हलली नाही. तिला वाटलं असावं की आपल्या माणसाची जागा कुणी हिसकावून घेतंय. सुईण शांतपणे उभी राहिली. टोपली जड होती, पण तिनं ती खाली ठेवली नाही. मग माय एक पाऊल मागे आली. मध्ये जागा झाली. पाटलाच्या मुलानं इकडं तिकडं पाहिलं, मधात आता कुणी नव्हतं ज्याच्याकडून घेता येईल. म्हातारीच्या हातून टोपली पडायला आली होती. त्यानं हात पुढे केले आणि घेतली. मग दुसरी घेतली. माझ्या देखत, ना झड होती ना खिंडार, ना पाणी अंगावर आलं होतं. लख्ख ऊन होतं आणि सगळे बघत होते. विहिरी वेगळ्याच राहिल्या, अजून कितीतरी वर्षं राहिल्या, मी खोटं सांगत नाही. पण पाळीवर पुन्हा कधी मधात कुणी उभं राहिलं नाही.

परत येताना माय रडत होती. म्हणाली, "तुझे बाबूजी पायजे होते हे पाहाले." मी हो म्हटलं. मनात जे आलं ते मी तिला सांगितलं नाही, पुढे कधी कुणालाच नाही. तुम्ही असतात तर हे झालं नसतं, बाबूजी. तुम्ही मध्ये होतात म्हणून त्यांना हात लावावा लागत नव्हता. इतक्या वर्षांत दोन्ही टोल्यांनी तुमचा हात धरला आणि एकमेकांचा टाळला. तुमची ती जागा, जिचा मला एवढा अभिमान, ती त्या दोन रेघांमधलीच जागा होती, फक्त त्यात आता मातीऐवजी तुम्ही होतात. हे लिहिताना मला तुमचा राग येतो, आणि लगेच तुमच्या सोललेल्या हातांची आठवण येऊन स्वतःचाच येतो. तुम्ही मधात उभे राहिला नसता तर तेवढी वर्षं ते एका पाळीवर तरी आले असते का? नसते आले, असं मला अर्धा वेळ वाटतं. उरलेला अर्धा वेळ वाटतं की सुईण पहिल्याच वर्षी तयार होती, तिला कुणी विचारलं नाही. मी उठते, फेऱ्या मारते, परत बसते, आणि ठरत नाही. तुम्ही ते मुद्दाम केलंत का न कळत केलंत हेही मी तुम्हाला कधी विचारू शकले नाही. त्या दिवशी मायनं वाढलेला भात तुम्ही जेवलात एवढंच माझ्याजवळ आहे.

पणतीला मी परत फोन करून काय सांगणार? तिला एका शब्दाची गरज आहे, तिनं एव्हाना अर्ज भरूनही टाकला असेल. ही माझ्या धाकट्याची मुलगी. तुमचे दोन नातू, एक नागपुरात, एक इथंच चार गल्ल्या सोडून, बोलत नाहीत एकमेकांशी. तिरोड्याकडच्या शेतावरून बिनसलं, मग शेत विकलं गेलं आणि बिनसलेलं तेवढं राहिलं. पण घर चालू आहे. दिवाळी होते, लग्नकार्य होतं, कुणाला बरं नसलं तर दुसऱ्याला कळतं. सगळं माझ्याकरवी. मोठा मला सांगतो, मी धाकट्याला सांगते, धाकटा मला सांगतो, मी मोठ्याला. लोक म्हणतात, बाईंनी घर बांधून ठेवलं आहे. मी इतकं लिहीत आणलं आणि तुमच्यावर रागावले, तेव्हा मला वाटलं की आता मला काय करायचं ते कळलं आहे. पुढच्या वेळी फोन आला की म्हणायचं, त्याचा नंबर आहे ना तुझ्याजवळ, तूच सांग, मधात कोणी नको आता.

हा कागद मी कुठं पाठवणार, तो छत्रीच्या घड्यांत ठेवीन. ती अजून आहे, काड्या गंजल्यात. आत्ता वरचा परिच्छेद लिहून झाला आणि खरोखरच फोन वाजला. मोठा होता. म्हणाला, आई, त्याला सांग की दिवाळीला आम्ही येतोय, दोन दिवस राहू. दुसऱ्या टोकाला त्याचा श्वास ऐकू येत होता, तो उत्तरासाठी थांबला होता. आणि बाबूजी, मी म्हणाले, बरं, सांगते.